अमळनेरच्या समुद्रातली निंदणी

चहा आधी संपवून घ्या. मागे ही गोष्ट सांगताना एकाच्या नाकात चहा गेला आणि त्याचं खापर माझ्यावर फुटलं. माझ्या डोक्यावर जन्मभर खापरं पुष्कळ फुटली, पण ती बहुतेक दुसऱ्यांची होती. हे एक मात्र अस्सल माझं. मीच माती मळली, मीच भाजलं, मीच डोक्यावर घेतलं.

मी लोटन. अमळनेरला एका तेलगिरणीत जन्म गेला. पंप आणि बॉयलर माझ्याकडे. शाळा दुसरीपर्यंत, आणि दुसरीतसुद्धा मास्तर शिकवायला लागले की मी गुरांमागे जायचो. त्यामुळे मला मत असतं, माहिती नसते. हे माझं नाही, आमच्या घरवालीचं म्हणणं.

बहात्तरचा दुष्काळ पडला ना, त्याच्या एकदोन वर्षं आधीची गोष्ट. आमचे छोटे शेठ, म्हणजे मदनशेठ, यांचं लग्न झालं. मुलगी कच्छकडची, मांडवीची. त्यांचं घर समुद्राच्या इतकं जवळ की म्हणे भरतीला अंगणात शिंपले येत. अशी पोरगी आणली अमळनेरला, आणि तीही भर वैशाखात. आल्या आल्या तिनं विचारलं, इथं पाणी कुठं आहे. घरच्यांनी कौतुकानं बोरी नदी दाखवायला नेलं. पात्रात शेळ्या बसलेल्या. पोरगी परत आली आणि खोलीत जाऊन झोपली. ती महिनाभर तशीच.

तसा त्रास काहीच नव्हता तिला. सासू चांगली, नवरा तर शेळीहून गरीब. पण बाई जेवायची नाही, हसायची नाही, खिडकीत उभी राहून समोरच्या गिरणीतल्या सरकीच्या ढेपेच्या थप्प्या बघायची. आता ढेपेकडे माणसानं किती वेळ बघावं? सगळ्या गिरणीत कुजबुज सुरू झाली की ही माहेरी गेली की काही परत येत नाही.

मदनशेठनं मग एक अजब काम केलं. मुंबईत शिकताना कुठल्या तरी श्रीमंत मित्राच्या घरी त्यांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बघितली होती. तशी एक करवून आणली. मोठी नाही, आपली लग्नातली पेटी असते ना, तेवढी. पाणी सुरतेकडून आलं. गिरणीत औषधांचे मोठे काचेचे बुधले येत, ते धुऊन सुरतच्या गाडीनं पाठवायचे आणि भरून आणायचे. स्टेशनवरचे हमाल विचारायचे, यात काय आहे. मी सांगायचो, समुद्र. ते मला शिव्या द्यायचे.

आणि दगड आला मांडवीहून. भाभीच्या, म्हणजे शेठच्या बायकोच्या, वडिलांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून, पिंपात बसवून पाठवला. जात्याच्या तळीएवढा, भोकाभोकांचा, काळाकुट्ट. मी म्हटलं, दगडच हवा होता तर आमच्याकडे काय कमी आहेत? पण दगड पाण्यात ठेवला, वर दोन नारिंगी मासे सोडले, आणि संध्याकाळी भाभी त्या काचेसमोर पाट मांडून बसल्या. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. माजी, म्हणजे शेठच्या आई, मला ही बातमी सांगायला स्वतः पंपघरापर्यंत आल्या.

टाकी माझ्याकडे आली. गिरणीत कायदाच होता तसा. पाणी म्हटलं की लोटन, मोटर म्हटली की लोटन. टाकीत दोन्ही. पाणी आटलं की त्यात गोडं पाणी घालायचं, हवेचं मशीन चालू ठेवायचं, वीज गेली की सायकलच्या पंपानं बुडबुडे सोडत बसायचं. भाभी गुजरातीत बोलायच्या, मी आमच्या खानदेशीत. शहरातल्या माणसाला मध्ये दुभाषा लागला असता. आम्हाला लागला नाही.

आता इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. मी जातीनं कोळी, गाव तापीकाठचं. त्यामुळे गिरणीत सगळ्यांची पक्की समजूत की लोटनला माशातलं सगळं कळतं. मी ती समजूत कधी मोडली नाही. फुकट मिळणारी इज्जत कोण परत करतं? खरं म्हणजे मी लहानपणीच मामाकडे रावेरला गेलो. मामा चक्कीवाला. जाळं मी आयुष्यात हातात धरलेलं नाही. मदनशेठनं टाकी मला सोपवली त्या दिवशी घरी येऊन मी फुशारकी मारली, तर घरवाली भाकरी थापता थापता म्हणाली, “तुमले मासा कधी कळना? ताटमा पडना म्हंजे कळस.”

तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. तिथंच पहिली चूक.

श्रावणात राखीसाठी भाभीला माहेरचं बोलावणं आलं आणि त्या मांडवीला निघाल्या. सगळ्यांना वाटलं, ही आता काही परत येत नाही. गाडीत बसण्याआधी त्या टाकीजवळ आल्या, काचेला हात लावला आणि मला म्हणाल्या, “लोटनभाई, मारो दरियो साचवजो.”

माझा समुद्र सांभाळा. एवढंच. मी म्हटलं, काळजी करू नका, परत याल तेव्हा आहे त्याहून चांगला दिसेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मदनशेठची कलकत्त्याला जायची वेळ आली. तिथलं काम आटोपून ते तसेच मांडवीला जाणार आणि भाभीला घेऊन येणार. टांगा दारात उभा, शेठ एका हातानं कोटाची बटणं लावतायत आणि दुसऱ्या हातानं मला टाकीकडे ओढतायत. म्हणाले, “लोटन, दगडावर कीड लागलीय. फार झपाट्यानं वाढतेय. तिचा दगड गेला तर ती दारातून परत फिरेल. मुंबईला जा, या दुकानात कीड खाणारे मासे मिळतात. टाकी लहान आहे, एकच आण. पण नीट निवडून आण. कीड खाईल आणि बाकीच्याला तोंड लावणार नाही, असा.”

कागदावर दुकानाचा पत्ता दिला आणि गेले. कीड कुठली, हे त्यांनी दाखवलं नाही. मी विचारलं नाही. पंपवाल्याला विचारत बसायची सवय नसते. तो विचारत बसला तर बॉयलर फुटतो. शिवाय कापसाच्या मुलखातल्या माणसानं कीड कशी असते हे विचारायचं म्हणजे माशानं पाणी कसं असतं विचारण्यातला प्रकार.

शेठ गेल्यावर मी टाकीसमोर बसलो आणि त्या दगडाची नीट पाहणी केली. तुम्हीही करा माझ्याबरोबर, आणि खरं सांगा, तुम्ही काय ठरवलं असतं.

दगडावर दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे फुलं. कारळ्याच्या फुलाएवढी, तपकिरी काचेची असावीत तशी, बारीक बारीक पाकळ्यांची. मऊ डोलायची पाण्यात. आधी दोनतीन होती, आता सगळ्या उजव्या बाजूनं फुटली होती. रोज नवीन कळी. एखादं शेत जोमात यावं तशी.

दुसरी म्हणजे अळ्या. दगडाच्या भोकांतून चामड्यासारख्या नळ्या निघाल्या होत्या आणि प्रत्येक नळीत एक अळी दडलेली. अळी म्हणजे चक्क अळी, वळी पडलेली, आपण बोंड फोडल्यावर निघते तशी. डोक्यावर तेवढा एक तुरा. काही पांढरे, काही तांबूस पट्ट्याचे. तुरा बाहेर काढून बसायची आणि कोणी जवळ गेलं की सटकन आत. ज्याला लपावं लागतं तो चोर. हे कळायला दुसरी पास व्हावं लागत नाही.

तरी मी न्यायानं वागलो. दगड जरा सरळ करावा म्हणून हात आत घातला. हात फुलांवरून गेला आणि एकदम गांधीलमाशी चावावी तशी आग आग झाली. मी हात बाहेर काढला. बघतो तो काय, सगळ्या अळ्या नळीत पसार! एकही बाहेर नाही. फुलं बिचारी जागच्या जागी, अंग चोरून उभी.

आता सांगा. चावलं कोणी?

मनगटापासून बोटांपर्यंत हात सुजला. हळद लावून बसलो आणि अळ्यांना म्हटलं, थांबा.

मुंबईला निघताना माजींनी मला बोलावलं. जैनाचं घर. दिवेलागणीनंतर त्यांच्याकडे पाणीसुद्धा पीत नसत. त्या टाकीकडे त्या कधी बघत नसत, जायच्या तर पदर आडवा धरून जायच्या, फक्त सुनेसाठी म्हणून चालवून घेत होत्या. मला म्हणाल्या, “तो मासा आणतोस तो काय खाणार?”

मी म्हटलं, “काही नाही माजी. फक्त कीड.”

“कीड म्हणजे जीव नाही का रे?”

“जीव कसला? त्यानं माझा हात बघा काय केला.”

माजींनी हात बघितला. मग माळ घेऊन बसल्या. पुढं काय होणार ते बहुतेक त्यांच्या माळेला कळलं होतं. मला नाही कळलं.

मुंबईचं दुकान म्हणजे एक अंधारी बोळ होती आणि दोन्ही बाजूंनी काचेच्या पेट्या रचलेल्या. दुकानदार दाढीवाला, गोड बोलणारा. मी म्हटलं, खाऱ्या पाण्याची लहान टाकी आहे, कीड खाणारा मासा पाहिजे. त्यानं लगेच एक मासा दाखवला. मळकट, करडा, भिजलेल्या गोणपाटासारखा. तोंड बारीक. म्हणाला, हा घेऊन जा, सगळे हाच नेतात. मी विचारलं, हा काय खातो. तर म्हणाला, दगडावर ती फुलं येतात ना, ती. झाडून सगळी साफ करतो. अळ्याबिळ्यांना तोंड लावत नाही.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मला उलटा पाहिजे. अळी खाणारा आणि फुलाला हात न लावणारा.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं.

“चाचा,” तो म्हणाला, “लोग फूल खानेवाला मांगते हैं.”

“लोकांचं मला नको सांगू. फूलच खाल्लं तर बोंड कशाला धरेल?”

“बोंड?”

“कापसाला फूल येतं, फुलाचं बोंड होतं. अळी ते बोंड पोखरते. मग अळी मारायची की फूल खुडायचं?”

त्यानं दाढी खाजवली. मग हळूच म्हणाला, “समुंदर में कपास?”

मी म्हटलं, तू मुंबईचा माणूस, तुला शेतातलं काय कळणार. खरं म्हणजे माझ्याकडेही वावरभर जमीन नव्हती, पण ते त्याला कुठं ठाऊक? तो बिचारा शेवटपर्यंत समजावत होता. म्हणे त्या तुरेवाल्या अळ्या तर लोक दाम मोजून घेऊन जातात. मुंबईत अळीसुद्धा विकतात, हे मला लगेच पटलं. मुंबईबद्दल माझं मत आधीपासून तसंच होतं.

शेवटी त्यानं हात टेकले आणि दुसरा मासा काढला. करंगळीएवढा, जांभळा, अंगावर नारिंगी रेघा, हिरवी शेपटी. नवरदेवच. नळीत तोंड खुपसून अळी ओढून काढतो म्हणाला. फुलाकडे ढुंकून बघत नाही. मी म्हटलं, हाच. असला देखणा, कामाचा मासा सोडून ते गोणपाट कोण नेतं?

येताना गाडीत मासा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी तुपाच्या रिकाम्या डब्यात, डबा मांडीवर. डब्यात शेजारचे सारखे डोकावत होते. एक एरंडोलकडचे शेतकरी होते, पाचोऱ्याला बहिणीकडे चाललेले. सगळे त्यांना नाना म्हणत होते, म्हणून मीही नाना म्हटलं. त्यांना सांगितलं, कीड खाणारा मासा आहे. ते सरसावून बसले. त्यांच्या कापसावर त्या साली बोंडअळी फार होती, फवारून फवारून घायकुतीला आलेले. पाचोरा येईपर्यंत मी त्यांना या माशाची सगळी माहिती दिली. मला नव्हती तीसुद्धा. उतरताना त्यांनी माझा पत्ता घेतला.

मासा टाकीत सोडला आणि पहिला दिवस तो दगडामागं लपून बसला. दुसऱ्या दिवशी कामाला लागला. काय ते काम! नळीसमोर उभा राहायचा, अळीनं तुरा बाहेर काढला की गप. तुरा गेला. पुढची नळी. रांगेनं. तण काढायला, निंदणीला, बायका कशा ओळीनं सरकतात, तसा. मधल्या फुलांना अंगसुद्धा घासत नव्हता. मी पंपघरातून दर घटकेला येऊन बघायचो. आठवड्याभरात एक तुरा दिसेना.

आणि फुलं? विचारू नका. डाव्या बाजूलाही फुटली, काचेवर फुटली, हवेच्या नळीवर फुटली. ते नारिंगी मासे वरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायला लागले. मी म्हटलं, बरोबर आहे, भर पिकात गुरं कशी शिरतील?

मग मी गिरणीतल्या सगळ्यांना दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत दहादहाच्या टोळ्या. हमाल मुकादम श्रावण म्हणाला, “लोटन, बठ्ठी कीड साफ करी टाकी रे त्यानी.” मी फक्त मान हलवली. मोठ्या माणसानं अशा वेळी बोलू नये. लोकांनी म्हटलं, शेवटी कोळ्याचं रक्त ते, कळणारच. मी तेही ऐकून घेतलं.

त्यानंतर चारपाच दिवसांनी ते एरंडोलचे नाना आले. बरोबर गावातले आणखी दोघं. त्यांनी काचेला नाक लावून मासा बघितला, रिकाम्या नळ्या बघितल्या, आपसांत बोलले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “भाऊ, हाऊ मासा पंपमा घालीसन फवारता येस का?”

मी नाही म्हणालो नाही, बरं का. मी म्हणालो, विचार करावा लागेल.

मदनशेठ आणि भाभी यायची तार आली. मी काच आतून बाहेरून पुसली. धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली. टांगा दारात थांबला. भाभीबरोबर त्यांचा धाकटा काका होता, मांडवीचा. तो कशाला आला ते सगळ्यांना ठाऊक होतं. नाही पटलं तर भाभीला परत घेऊन जायला माणूस हाताशी हवा म्हणून. शेठचा चेहरा उतरलेला. वाटेत बोलणं झालेलं दिसत होतं.

भाभींनी पाय धुतले नाहीत की माजींच्या पाया पडल्या नाहीत. सरळ टाकीकडे. मी पुढं झालो.

“बघा भाभी. एक अळी शिल्लक ठेवली नाही.”

भाभी बघत राहिल्या. मदनशेठनं टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा टाकीकडे, आणि खाली ठेवलेल्या ट्रंकेवर बसले.

भाभी हळू आवाजात म्हणाल्या, “लोटनभाई, मारा तुरा क्यां?”

“कुठले तुरे?”

“नळीतले.”

“ते होय? ते त्यानं खाल्ले ना.” मी बोटानं मासा दाखवला. तो चांगला गरगरीत झाला होता.

शेठ ट्रंकेवरूनच म्हणाले, “लोटन, तुला कीड खाणारा आणायला सांगितला होता.”

“कीडच खाल्ली की शेठ.”

“कीड ती आहे.” त्यांनी फुलांकडे बोट केलं.

“ती फुलं आहेत.”

“ती फुलं नाहीत. तो प्राणी आहे. डंख मारतो आणि सगळा दगड व्यापून टाकतो.”

माझा त्या दिवशी सुजलेला हात आपोआप पाठीमागं गेला. पण माघार घेणं आमच्या घराण्यात नाही. म्हटलं, “बरं, फूल प्राणी. मग अळी कोण?”

शेठ म्हणाले, “ती अळी म्हणजे तिचं माहेर होतं रे.”

दारात श्रावण आणि सगळी हमालमंडळी उभी होती. एकेक करून निघून गेले. श्रावण मात्र थांबला. त्याला पूर्ण ऐकायचं होतं.

मांडवीच्या काकानं घसा खाकरला आणि सुरतची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. शेठ ट्रंकेवर तसेच बसलेले. त्यांच्याकडे बघवेना. टाकीचं मशीन तेवढं बुडबुडे सोडत होतं.

भाभींनी पदर खोचला. काचेजवळ बसल्या आणि एकेका नळीत निरखून बघायला लागल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, तुरे गेलेत पण जीव आत आहेत. सगळे नाही, काही. मासा काढला तर पुन्हा तुरे फुटतील. लहानपणी समुद्रावर मुलं काडीनं तुरे तोडायची, तेव्हाही फुटायचे.

मग मासा काढायचा. दगड तसाच ठेवून तो सापडेना, म्हणून सगळा समुद्र उपसला. बुधले भरले, मग माजींच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या भरल्या. माजी उंबऱ्यावर बसून बघत होत्या. दगड उचलायचं काम माझ्याकडे. दोन्ही हातांनी, फुलांसकट. मी तोंडातून आवाज काढला नाही. भाभी म्हणाल्या, चावतात का? मी म्हटलं, नाही, फुलं कशी चावतील. तेव्हा त्या मान फिरवून भिंतीकडे बघायला लागल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. शेठलाही तेच वाटलं, ते उठले. पण बाई हसत होती. अमळनेरला आल्यापासून पहिल्यांदा.

नवरदेव मासा सापडला. त्याला बरणीत घालून मदनशेठ स्वतः मुंबईला गेले आणि बदलून ते गोणपाट घेऊन आले. त्यानं गुपचूप सगळी फुलं खाल्ली. दुकानदारानं निरोप पाठवला होता, चाचांना सलाम सांगा, आणि कापूस कसा आला ते विचारा.

काका एकटाच परत गेला. भाभींनी त्याला सांगितलं, तुरे बाहेर येईपर्यंत मी इथून हलणार नाही. आणि मला सांगितलं, “लोटनभाई, तुम्ही काचेपासून चार हात लांब.” सायकलच्या पंपानं हवा सोडायची असली तरी मी दाराबाहेर बसायचो आणि नळी आत सोडलेली.

पावसाळा संपता संपता पहिला तुरा आला. मग दुसरा. सगळ्या घरानं बघितला, माजींनीसुद्धा, पदर बाजूला करून. दिवाळी जवळ आली तसं मदनशेठनं भीत भीत विचारलं, आता माहेरी जाऊन यायचं का. भाभी म्हणाल्या, कशी जाऊ? तो माणूस इथंच आहे ना.

तेव्हापासून हेच. लग्नकार्याला जायच्या, चौथ्या दिवशी परत. त्यांच्या आईनं कितीदा बोलावलं, पण त्यांचं एकच, लोटन तिथं एकटा आहे. मुलं झाली, मोठी झाली, बाई अमळनेरची झाली, खानदेशी बोलायला लागली, पण माझ्यावरचा पहारा काही उठला नाही. मदनशेठ मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले होते, लोटन, तू गिरणी सोडू नकोस. मला वाटलं, माझ्या कामाची कदर केली.

पुढं वय झालं, मी काम सोडलं. गिरणीत छोटा कार्यक्रम केला. शाल दिली, नारळ दिला. श्रावण रडला. मदनशेठनी दोनदा विचारलं, आणखी एक वर्ष थांबतोस का. माजींच्या फोटोला मी हार घातला. भाभी तेवढ्या हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. मी मनात म्हटलं, धीराची बाई आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या मांडवीला गेल्या. चांगल्या महिनाभर राहून आल्या.